गोदातीरावरची दफ्तरे

नाशिकक्षेत्री रामकुंडावर श्राद्धतर्पणासाठी उतरलेल्या यात्रेकरूस विधीच्या आधी आडनाव आणि मूळगाव विचारले जाते. कारण त्यांवरूनच त्याच्या कुळाचे तीर्थोपाध्याय कोण, आणि पर्यायाने त्याच्या वाडवडिलांच्या नोंदी कोणाच्या घरी, हे निश्चित होते. या नोंदींच्या संग्रहास नामावळी म्हणतात. आणि सरकारी हुकुमावाचून, मध्यवर्ती कचेरीवाचून, केवळ परंपरेच्या बळावर पिढ्यानपिढ्या चालत आलेले असे दफ्तर तीर्थक्षेत्रांबाहेर विरळाच आढळेल.

रुमाल सोडून बाड उघडले की जुन्या पानांवर मोडीची वळणे आणि अलीकडच्या पानांवर बाळबोध अक्षर दिसते. यजमानाचे नाव, बाप, आजा, पणजा, भाऊ, चुलते, पुत्र, गाव आणि मिती असा मजकूर असून खाली बहुधा यजमानाची स्वदस्तूर सही असते. नातू आला म्हणजे आजोबांची सही त्यास दाखवावी, मधल्या काळातले जन्ममृत्यू विचारून घ्यावेत आणि नव्या नोंदीखाली त्याचीही सही घ्यावी, असा रिवाज. जुना मजकूर खोडायचा नसतो. भर पडायची ती पुढे पडते. उपाध्यायांच्या घराण्यात वाटण्या झाल्या म्हणजे नामावळ्याही वाटल्या जातात. तथापि नोंदीची रीत सर्वांची एकच असल्यामुळे यजमानाचा माग सहसा तुटत नाही.

दफ्तर अनेक घरी विभागले तरी रीत एकच कशी राखावी, हाच प्रश्न ओपन सोर्स आज्ञावली लिहिणाऱ्या मंडळींपुढे निराळ्या रूपाने उभा राहिला. २००५ साली लिनस टोरवाल्ड्स यांनी रचलेल्या, कोडमधील बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिट व्यवस्थेत प्रत्येक फेरफारास कर्त्याचे नाव आणि वेळ जोडलेली असते. परंतु एकाच संस्थेच्या अनेक रिपॉझिटरी, म्हणजे कोडची भांडारे, झाली की आचारसंहिता, सहभागाचे नियम, सुरक्षेच्या सूचना ही समाईक कागदपत्रे जागोजागी वेगळी पडू लागतात. अशा रिपॉझिटरी जेथे ठेवल्या जातात त्या गिटहब संकेतस्थळाने त्यावर तोड काढली ती अशी की, ‘.गिटहब’ नावाच्या एका सार्वजनिक रिपॉझिटरीत ठेवलेली प्रत, जेथे स्वतंत्र प्रत नाही तेथे आपोआप लागू व्हावी. परवाना मात्र यातून वगळला; तो प्रत्येक रिपॉझिटरीतच ठेवावा लागतो, कारण कोड उतरवून नेणाऱ्याबरोबर तोही गेला पाहिजे. रीत समाईक आणि हक्काचा दस्तऐवज जागच्या जागी, हा विवेक रामकुंडावर संगणकाच्या कितीतरी आधीपासून रूढ आहे.

एका बाबतीत मात्र जुन्यांनी नव्यांचे अनुकरण करावे. गिटची रिपॉझिटरी उतरवून घेतली की सामान्यतः तिचा समग्र इतिहासही हाती येतो. नामावळी पुष्कळदा एकुलती एक, आणि कागदास वाळवीचे व गोदेच्या पुराचे भय. हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांची सूक्ष्मचित्रे युटा येथील वंशावळी संस्थेने घेतली, तेव्हा हे काम अशक्य कोटीतले नाही. मूळ बाड घराण्याच्या ताब्यात, छायाप्रती दोन-तीन सुरक्षित स्थळी, आणि कुळाची नोंद परक्यास दाखवणे यजमानाच्या संमतीवर अवलंबून: एवढी कलमे २०२७ च्या सिंहस्थापूर्वी सर्व घराण्यांनी एकमताने कागदावर आणली, तर ताबा न सोडताही दफ्तर निर्धास्त होईल.