ऑपरेशन झालं, आता मॅपिंग चुकवू नका

कॉक्लिअर इम्प्लांटचं ऑपरेशन झालं की संपलं, असं जळगाव-धुळ्याकडच्या अनेक मायबापांना वाटतं. पण साधारण 2 ते 4 आठवड्यांनी यंत्र सुरू होतं आणि ऑडिओलॉजिस्ट प्रत्येक इलेक्ट्रोडचा आवाज लेकराला सोसेल तेवढा लावतात. हेच मॅपिंग, पहिल्या वर्षी ते वारंवार लागतं.

रात्रभर प्रवास करून आलेलं, उपाशी, पेंगुळलेलं लेकरू आवाजाला दाद देत नाही. फेरी वाया जाते, मजुरीही बुडते. म्हणून त्याची झोप-जेवण झाल्यावरची वेळ मागा. स्पीच थेरपीही त्याच दिवशी मागा. बॅटरी चार्ज करून न्या. घरी कोणत्या आवाजाला ते वळून बघतं, वहीत लिहून न्या.

केंद्रांनीही दुरून येणाऱ्यांची वेळ फोनवर आधी पक्की करावी. ही मेहेरबानी नव्हे, लेकराचा हक्क आहे.