कोलंबीची सालं आणि कॅन्सरचं औषध

मैत्रिणींनो, कोलंबी सोलून झाली की आपण सालांचं काय करतो? कागदात गुंडाळतो आणि वास सुटायच्या आत घराबाहेर काढतो. मीही तेच करत आले. पण दोन वर्षांपूर्वी या सालांवरून आमच्या घरात मोठंच रामायण घडलं.

माझ्या मोठ्या नणंदेला, म्हणजे वन्संना, स्तनाचा कॅन्सर झाला. ऑपरेशन झालं, केमोथेरपी सुरू झाली. तीन सलाइनं कशीबशी पार पडली. केस गेले, तोंडाची चव गेली. चौथ्याची तारीख जवळ आली तेव्हा त्या म्हणाल्या, "अगं, आता मी नाही जायची. मला दुसरं औषध मिळालंय."

गादीखाली चार डबे निघाले. 'समुद्री नॅनो शक्ती' असं काहीतरी वर छापलेलं. शेजारणीच्या ओळखीच्या एका गृहस्थांनी आणून दिले होते. कोलंबीच्या सालांपासून आणि समुद्रातल्या शेवाळापासून केलेले अतिसूक्ष्म कण थेट गाठीवर जाऊन कॅन्सर मारतात, असं त्यांचं सांगणं. पुढच्या डब्यांसाठी वन्संनी पाटली मोडायला काढली होती.

मी बी.ए.वाली. शाळेत अर्धवेळ मराठी शिकवते. माझं शास्त्र दहावीपाशीच थांबलेलं. म्हणून शाळेतल्या शास्त्राच्या बाईंना गाठलं. चार दिवस मधल्या सुट्टीत त्यांनी मला शिकवलं. ते तुम्हालाही सांगावंसं वाटतं, कारण गंमत अशी की त्या गृहस्थांचं बोलणं सगळंच खोटं नव्हतं.

समुद्रातून औषध येतं, हे खरं

१९५० च्या सुमारास वर्नर बर्गमन या अमेरिकन शास्त्रज्ञाला कॅरिबियन समुद्रातल्या एका स्पंजात काही निराळी रसायनं सापडली. त्यांच्या धर्तीवर पुढे प्रयोगशाळेत 'सायटॅराबिन' हे औषध तयार झालं. १९६९ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली, आणि रक्ताच्या कॅन्सरवर ते आजही देतात.

दुसरं औषध वन्संच्याच आजारावरचं. १९८६ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी ६०० किलो स्पंजातून एक द्रव्य वेगळं काढलं. हाती किती लागलं? साडेबारा मिलिग्रॅम! चिमटीतसुद्धा यायचं नाही. मग त्याच्याच नमुन्यावर कारखान्यात 'एरिब्युलिन' बनवलं गेलं. स्तनाचा कॅन्सर शरीरात पसरलेला असेल आणि आधीच्या औषधांना दाद देत नसेल, तर ते देतात. २०१० साली त्याला मान्यता मिळाली. म्हणजे २४ वर्षं लागली बघा!

आता हे 'नॅनो' काय?

आपला केस सुमारे ८० हजार ते एक लाख नॅनोमीटर जाड असतो. औषधाचे हे कण साधारण शंभर नॅनोमीटरचे. इतकं बारीक कशाला? तर सायटॅराबिन रक्तात गेलं की लवकर मोडून जातं, म्हणून सलाइनमधून ते बराच वेळ द्यावं लागतं. त्यावर युक्ती काढली ती आपल्या करंजीसारखी. आत सारण औषधाचं, बाहेरून पारी चरबीच्या जातीच्या पदार्थाची. पारी शाबूत असेपर्यंत सारण सुरक्षित.

अशा करंजीत सायटॅराबिन आणि डॉनोरुबिसिन ही दोन औषधं पाचास एक या प्रमाणात भरली. रक्ताच्या एका उग्र कॅन्सरसाठी २०१७ साली अमेरिकेत तिला मान्यता मिळाली. त्याआधी ६० ते ७५ वर्षांच्या ३०९ रुग्णांवर चाचणी झाली. जुन्या पद्धतीने औषध घेणारे निम्मे रुग्ण सुमारे सहा महिन्यांच्या पुढे जगले, नव्या पद्धतीचे निम्मे साडेनऊ महिन्यांच्या पुढे. साडेतीन महिने! तुम्ही म्हणाल, एवढंच? ज्या घरात माणूस खाटेवर आहे त्या घराला विचारा. पण याला जादूही म्हणता येत नाही, हेही खरं.

आणि आपली सालं?

कोलंबी-कुर्ल्यांच्या सालांत 'कायटिन' असतं. आधी आम्लात क्षार आणि मग अल्कलीत प्रथिनं काढून टाकली, आणि उरलेल्यावर तीव्र अल्कलीची प्रक्रिया केली, की 'कायटोसॅन' मिळतं. त्यावर धन विद्युतभार असतो. तपकिरी शेवाळातल्या 'फ्युकॉयडन'वर ऋण. दोन्ही एकत्र आली की एकमेकांना धरून त्यांचे सूक्ष्म कण बनतात. त्या कणांत कॅन्सरचं औषध भरून काचेच्या बशीतल्या पेशींवर आणि उंदरांवर पुष्कळ प्रयोग झाले आहेत.

पण माणसाच्या कॅन्सरवरचा मान्य उपचार म्हणून ते अजून आलेलं नाही. गाठीतल्या रक्तवाहिन्या गळक्या असतात, म्हणून असे कण तिथे झिरपून साठतात, हे उंदरांत चांगलं दिसतं. माणसांत मात्र प्रत्येक गाठीची तऱ्हा वेगळी. शिवाय हे कण मोजूनमापून बनवलेले, आत औषध भरलेले. दुधात कालवून प्यायलेली पूड काही गाठ शोधत जात नाही!

वन्संना मी हे सगळं सांगितलं. त्या रागावल्या. दोन दिवस बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "तुला काय माहीत सलाइन लागल्यावर काय होतं ते!" खरंच, मला नव्हतं माहीत. मी शास्त्र सांगत बसले होते, आणि त्यांना उलट्यांची भीती वाटत होती. मग आम्ही दोघी डबे घेऊनच डॉक्टरांकडे गेलो. ते ओरडले नाहीत. उलट्यांची गोळी बदलून दिली. चौथं सलाइन ठरल्या दिवशीच लागलं.

तेव्हा मैत्रिणींनो, असा डबा तुमच्या घरी आला तर एवढं जरूर करा :

- औषधाचं नाव काय, आणि नेमक्या कुठल्या कॅन्सरवर मान्य आहे, ते विचारा. 'सगळ्या कॅन्सरवर' असं उत्तर आलं की डबा परत करा.
- प्रयोग पेशींवर झाले, उंदरांवर की माणसांवर, हे विचारा.
- पूड घेत असाल तर डॉक्टरांपासून लपवू नका. फ्युकॉयडनमध्ये रक्त पातळ करण्याचा गुण आहे. ऑपरेशन किंवा केमोच्या वेळी ते अंगाशी येऊ शकतं.
- कोलंबी-कुर्ल्या सोसत नसतील त्यांनी सालांच्या पुडीपासून दूरच राहावं.
- आणि आजारी माणूस 'नको' म्हणत असेल, तर आधी विचारा, "काय होतंय?" व्याख्यान नंतर द्या.

वन्संची तपासणी अजून चालू आहे. दर वेळी रिपोर्ट हातात येईपर्यंत घशाला कोरड पडते. पाटली मात्र त्यांच्या हातात आहे. परवाच कोलंबी सोलताना मला म्हणाल्या, "सालं टाकू नकोस हं, औषध आहे ते!" आणि दोघी पोट धरून हसलो.