"बिचारी" म्हणू नका, बैठकीला बोलवा



ओल्या धक्क्यावर पाय घसरतो. गावाकडे कुणी झाडावरून पडतं, कुणी गाडीवरून. कालपर्यंत पाटी उचलणारी बाई आज अंथरुणाला खिळते. औषधाच्या खर्चाला आपण गटातून कर्ज देतो. पण तिच्या मनात दोन प्रश्न असतात, त्यांचं काय? "देवानं हे माझ्याच वाट्याला का दिलं?" आणि "आता मी घराला ओझं झाले का?"

कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचं उदाहरण बघा. वयाच्या १६ व्या वर्षी त्यांचं कमरेखालचं अंग लुळं पडलं. पुढे त्यांची बाबूकाका दिवाण यांच्याशी भेट झाली. तेही पायानं अधू, पण व्यवसाय सांभाळायचे आणि खास बदल करून घेतलेली गाडी स्वतः चालवायचे. आपल्यासारखंच दुखणं असलेला माणूस ताठ मानेनं जगतोय, हे पाहून नसीमादीदींना धीर आला. त्या शिकल्या, सरकारी नोकरी केली. १९८४ मध्ये त्यांनी 'हेल्पर्स ऑफ दि हँडिकॅप्ड' ही संस्था उभी केली. 'चाकाची खुर्ची' हे त्यांचं आत्मचरित्र जरूर वाचा.

सांगली जिल्ह्यातले जवान मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कायमचे अधू झाले. १९७२ मध्ये जर्मनीत त्यांनी पोहण्यात पॅरालिम्पिकचं सुवर्णपदक जिंकलं.

पण प्रत्येकीनं पदक जिंकायला हवं असं नाही. श्रद्धा म्हणजे "सगळं पहिल्यासारखं होईल" असं नव्हे. "आहे त्यातही माझं जगणं मोलाचं आहे" हा विश्वास म्हणजे श्रद्धा. तो भाषणानं येत नाही. सोबतीनं, हळूहळू येतो. मधेच ती चिडेल, रडेल, देवावरही रागावेल. तिला गप्प करू नका.

गट म्हणून आपण काय करू शकतो?

- एकविरा आईला नवस जरूर बोला, पण फिजिओथेरपी चुकवू नका. मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे, तिथे चौकशी करा.
- अंगाची जाणीव गेली असेल तर पडून राहून झालेली जखम तिला कळत नाही. साधारण दर दोन तासांनी कूस बदलायला मदत करा. त्वचा रोज बघा.
- महिन्याची बैठक तिच्या घरी घ्या. हात चालत असतील तर हिशेबाची वही तिच्याकडे द्या. कर्ज कुणाला द्यायचं, हे तिलाही विचारा.
- "बिचारी" हा शब्द टाळा. दया वरून खाली बघते, माया शेजारी येऊन बसते.
- तिची सेवा करणारी सून, मुलगी किंवा आई हीसुद्धा थकते. आठवड्यातली एक दुपार तिला मोकळी द्या.
- कायमचं अपंगत्व आलं असेल तर दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्डासाठी अर्ज भरायला मदत करा. २०१६ च्या कायद्यात २१ प्रकारचं दिव्यांगत्व मानलं आहे.

याआधी अशा दुखण्यातून उठलेली बाई तुमच्या वस्तीत असेल, तर तिला सोबत न्या. बाबूकाकांनी नसीमादीदींसाठी जे केलं, ते ती तुमच्या मैत्रिणीसाठी करू शकते.

पुढच्या बैठकीत हजेरी घेताना एवढंच बघा, दोन महिने कोण आलेली नाही? आणि बैठक संपली की सगळ्या मिळून तिच्या घरी जा.

– क्षेत्र समन्वयक, मच्छीमार नगर, कफ परेड