जकात आणि नववीची फी

रमजानमध्ये घरोघरी जकातीचा हिशेब मांडला जातो. वर्षभर शिल्लक राहिलेल्या बचतीतले शेकडा अडीच रुपये गरजूंचे. हल्ली त्यातून मुलांच्या फीही भरल्या जातात, हे चांगलेच. अडचण वेळेची आहे. पालक फीसाठी फिरतात जूनमध्ये. तोवर जकात वाटून झालेली असते.

२००९च्या शिक्षण हक्क कायद्याने खासगी विनाअनुदानित शाळांत प्रवेशाच्या वर्गातल्या २५ टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांसाठी ठेवल्या. अल्पसंख्याक शाळांना मात्र त्यातून सूट आहे; २०१४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा स्पष्ट केले. म्हणजे रिक्षावाल्याच्या मुलीला आपल्याच समाजाच्या शाळेत ही जागा हक्काने मागता येत नाही. विश्वस्तांची मर्जी! शिवाय ही मोफत सोय आठवीपर्यंतच. नववीत पूर्ण फी एकदम अंगावर येते आणि शाळा बदलायची वेळ आली तर घरात आधी मुलीचेच नाव निघते.

म्हणून यंदा मोहल्ल्यातल्या आठवीच्या मुलांची यादी ईदपूर्वीच व्हावी आणि तेवढी रक्कम बाजूला राहावी. जकात मुस्लिम गरजूंसाठी मानली जाते; शेजारच्या हिंदू घरातल्या मुलाच्या फीसाठी सदका आहेच.