जिन्याला पायऱ्या किती?

माळ्यावर जाणाऱ्या जिन्याला पायऱ्या किती? तांदळाची कोठी कुठल्या कोपऱ्यात? मागच्या रांगेतल्या तिसऱ्या घरात कोण राहतं, आणि त्याच्या बायकोचे पाय बांधलेले की मोकळे? गावातली विहीर तुमच्या दारातून दिसते का? सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीतल्या एंजल आयलंडवर १९१० ते १९४० अशी तीस वर्षं अमेरिकेत येऊ पाहणाऱ्या चिनी माणसांना हे असले प्रश्न विचारले जात. तेच प्रश्न शहरात आधीपासून राहणाऱ्या बापालाही वेगळं बसवून विचारायचे. उत्तरं जुळली नाहीत, तर मुलगा परतीच्या बोटीवर.

एंजल आयलंडचं नाव आज निघतं ते तिथल्या लाकडी भिंतींवर कोरलेल्या कवितांमुळे. १९७० साली अलेक्झांडर वाइस नावाच्या पार्क रेंजरचं त्यांच्याकडे लक्ष गेलं. पुढे १९८० मध्ये हिम मार्क लाइ, जेनी लिम आणि जूडी युंग यांचं ‘आयलंड’ हे पुस्तक आलं. मीही ते कवितांसाठीच हातात घेतलं होतं. कविता चांगल्याच आहेत. पण मला सोडवेना तो पढवणीच्या वह्यांचा मजकूर, आणि गेली कित्येक वर्षं मी या वह्यांबद्दल मिळेल ते वाचत आलोय. पोलीस किंवा परदेशी नागरिकांचा हिशेब ठेवणारं खातं समोर येईल तेव्हा काय बोलायचं, याची तयारी कुटुंबानं घरी बसून करायची, या प्रकाराचा इतका तपशीलवार पुरावा मला दुसरीकडे दिसला नाही.

पार्श्वभूमी थोडक्यात. १८८२ च्या कायद्यानं चिनी मजुरांना अमेरिकेची दारं बंद केली. १८९८ मध्ये वाँग किम आर्कच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की अमेरिकेत जन्मलेला चिनी आईबापांचा मुलगा अमेरिकेचाच नागरिक. १९०६ च्या एप्रिलमध्ये सॅन फ्रान्सिस्कोत भूकंप झाला, आग लागली आणि जन्माच्या नोंदी जळून खाक झाल्या. मग हजारो चिनी पुढे आले आणि म्हणाले, आम्ही इथलेच. नाही म्हणायला कागद कुणाकडे होता? नागरिकाच्या परदेशात जन्मलेल्या मुलालाही प्रवेश मिळे. त्यामुळे गावी जाऊन आलेला प्रत्येक जण ‘मुलगा झाला’ अशी नोंद करून ठेवी, आणि न झालेल्या त्या मुलाची जागा दुसऱ्याला विकता येई. भाव साधारण असा: वयाच्या प्रत्येक वर्षामागे शंभर डॉलर. या कागदोपत्री मुलांना ‘पेपर सन’ म्हणत.

जागा विकत घेतली की सोबत वही यायची. तिच्यात नव्या बापाचं नाव, आजोबांचं नाव, काका किती, कुणाचं लग्न कधी झालं, कोण कधी वारलं, सगळं प्रश्नोत्तरांच्या रूपात. जोडीला गावाचा नकाशा. त्यात घरांच्या रांगा आखलेल्या, प्रत्येक चौकोनात घरमालकाचं नाव, तळं, विहीर, पूर्वजांचं सभागृह. वही बोटीवर पाठ करायची आणि किनारा दिसू लागला की समुद्रात फेकून द्यायची. ज्यांना फेकवली नाही त्यांच्या वह्या अधिकाऱ्यांच्या हाती लागल्या, खात्याच्या दुभाषांनी त्यांचे तर्जुमे केले, आणि अशा काही वह्या त्या-त्या माणसाच्या फायलीला टाचलेल्या अवस्थेत सरकारी दफ्तरात उरल्या. लपवायचे म्हणून लिहिलेले कागद सरकारनंच जपून ठेवले!

चौकशीच्या खोलीत दोन निरीक्षक, एक लघुलेखक, एक दुभाषा. दोनशे प्रश्न तर सहज होत, कधी हजाराच्या घरात जात. चौकशी दोन-तीन दिवस चाले. संगनमत होऊ नये म्हणून दुभाषा मध्येच बदलत, आणि शेवटी त्याला विचारत, की बापलेकांची बोली एकच वाटते का? इथं मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती एक गोष्ट, जी पेपर सनच्या सुरस कथांत हरवून जाते. खऱ्या मुलांनाही वही पाठ करावी लागे. बाप पंधरा वर्षांपूर्वी गाव सोडून गेलेला. त्याच्या आठवणीतल्या घराला मागचं दार होतं, ते मध्यंतरी बुजवलेलं. मुलगा खरं बोलतो, बापही खरंच बोलतो, आणि दोघं मिळून खोटे ठरतात. रोज चढलेल्या जिन्याच्या पायऱ्या कोण मोजतं? तेव्हा सख्ख्या बापलेकांनीही पत्रापत्री करून पायऱ्यांचा आकडा ठरवून घेतला. खोट्याला खरं दिसायचं होतं आणि खऱ्यालाही खरं दिसायचं होतं, पाठांतर दोघांना सारखंच. उत्तरं फारच बिनचूक जुळली, तर निरीक्षकाला वास यायचा: साक्षीदार पढवलेला आहे.

बेटावर आल्यानंतरही पढवणी थांबत नसे. कैद्यांनी १९२२ मध्ये स्वतःची एक संघटना काढली होती, इंग्रजीत तिला ‘लिबर्टी असोसिएशन’ म्हणत. वर्गणी, ग्रामोफोनच्या तबकड्या, नव्याने आलेल्याला नियम सांगणं, ही तिची उघड कामं. आतलं काम निराळं. स्वयंपाकघरातले चिनी नोकर सुट्टीच्या दिवशी शहरात जात, चायनाटाउनमधल्या ठरलेल्या दुकानातून चिठ्ठ्या आणत, आणि जेवणाच्या वेळी त्या संघटनेच्या पदाधिकाऱ्यांच्या टेबलावर पोचत. बापाच्या जबानीत काय आलं, कुठल्या प्रश्नावर तो अडखळला, आता मुलानं काय सांगायचं, हे सगळं त्यात असे. पहारेकऱ्यानं चिठ्ठी हिसकायचा प्रयत्न केला, तर टेबलावरच्या सगळ्यांनी त्याच्यावर तुटून पडायचं, असा रिवाज होता. खात्याचे लोकही धुतल्या तांदळाचे नव्हते. जॉन डेन्समोर यांनी केलेल्या चौकशीत १९१७ च्या सुमारास लाच घेऊन फायली गायब करणं, फोटो बदलणं असले प्रकार उघडकीला आले.

मग न्यायालयात सहसा दाद का मिळत नसे? १९०५ च्या जू टॉय खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगून टाकलं होतं, की नागरिकत्वाचा दावा असला तरी बंदरावरच्या खात्याचा निर्णय अखेरचा. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती होम्स. एवढा मोठा न्यायाधीश, पण हा निकाल मला आजही बोचतो. सिद्ध करायचं ओझं तुमच्यावर, वकील चौकशीच्या खोलीबाहेर, आणि गप्प राहिलात तर आपोआप हरलात. अशा ठिकाणी बोलणं हाच एक मार्ग उरतो, आणि बोलायचं तर पाठ करून.

आता त्याच शहरातला एक दुसरा कागद बघा. सॅन फ्रान्सिस्कोतलं इमिग्रंट लीगल रिसोर्स सेंटर २००७ पासून इमिग्रेशन अधिकारी दारात आले तर दाखवायचं एक लाल कार्ड छापतं, पाकिटात मावेल एवढं. एका बाजूला कार्ड बाळगणाऱ्यासाठी त्याच्या भाषेत सूचना: दार उघडू नका, प्रश्नांना उत्तरं देऊ नका, कशावरही सही करू नका. दुसऱ्या बाजूला अधिकाऱ्यासाठी इंग्रजी मजकूर, की मी राज्यघटनेच्या पाचव्या दुरुस्तीनुसार बोलू इच्छित नाही, आणि न्यायाधीशाच्या सहीचं, माझ्या नावाचं वॉरंट दाराखालून सरकवल्याशिवाय मी चौथ्या दुरुस्तीनुसार आत येऊ देत नाही. म्हणजे बोलता येत नसेल, घसा कोरडा पडला असेल, तरी कार्ड काचेला लावलं की झालं. २०२५ च्या सुरुवातीला या कार्डांना लाखोंनी मागणी आली.

कार्ड वापरायला शिकवणाऱ्या शिबिरांत सर्वाधिक वेळ जातो तो वॉरंट ओळखण्यात. आय-२०० नावाचा फॉर्म दिसायला भारदस्त, वर सरकारी खात्याचं नाव, खाली सही. पण सही खात्याच्याच अधिकाऱ्याची. चौथ्या दुरुस्तीचा आजवर लावला गेलेला अर्थ असा, की तेवढ्यावर घरात शिरता येत नाही. त्यासाठी वर न्यायालयाचं नाव आणि खाली न्यायाधीशाची सही हवी. मग एक जण अधिकारी होऊन दार ठोठावतो, दुसरा आतून सांगतो, ‘कागद दाराखालून सरकवा’. वहीच्या काळाच्या अगदी उलट असा आणखी एक नियम पहिल्याच तासाला घोकून घेतात: खोटं एक अक्षर बोलायचं नाही, खोटा कागद दाखवायचा नाही. १९९६ च्या कायद्यानुसार ‘मी अमेरिकन नागरिक आहे’ एवढं खोटं सांगितलं, तरी बहुतेकांना देशाचं दार जवळजवळ कायमचं बंद होतं.

मुलांचा प्रश्न मात्र गप्प राहून सुटत नाही. ६ मार्च २००७ ला मॅसॅच्युसेट्समधल्या न्यू बेडफर्ड गावात मायकल बियांको कंपनीच्या कारखान्यावर धाड पडली, ३६१ कामगार पकडले. हे कामगार शिवत काय होते? अमेरिकी सैन्यासाठी सामान. बऱ्याच जणांना विमानानं टेक्सासला नेलं, आणि इकडे पाळणाघरात, शाळेत, शेजाऱ्याकडे मुलं अडकून पडली. म्हणून आता ‘कौटुंबिक तयारी’च्या फाइलीत पासपोर्ट, जन्मदाखले, औषधांची यादी, शाळेतून मूल कुणी न्यायचं त्याची नावं असं सगळं असतं. आईबापांचा एलियन नंबर हवाच, कारण पकडलेला माणूस कुठं ठेवलाय हे खात्याच्या संकेतस्थळावर त्यावरून शोधता येतं. कॅलिफोर्नियात याला एका पानी प्रतिज्ञापत्राची जोड आहे. मूल ज्याच्या घरी राहतं, त्या मोठ्या माणसानं सही केली, की शाळेत नाव घालता येतं. नातेवाईक असेल तर दवाखान्यातही संमती देता येते. नोटरी लागत नाही, आईबापांची सही लागत नाही. त्या पानावर खूण करायला दोन चौकोन आहेत. पहिला: पालकांना कळवलं आहे आणि त्यांची हरकत नाही. दुसरा: सध्या पालकांशी संपर्क होऊ शकत नाही. मामा-मावशीला मदत करायला बसलेला स्वयंसेवक पेन त्या दुसऱ्या चौकोनावर नेऊन सांगतो, वेळ आली तर इथं.

जानेवारी २०२५ मध्ये ट्रम्प सरकारचे सीमाप्रमुख टॉम होमन टीव्हीवर तक्रार करत होते, की शिकागोतले लोक फार शिकून बसलेत. ‘याला ते हक्कांची माहिती म्हणतात, मी म्हणतो अटक कशी चुकवावी याचं शिक्षण,’ असं त्यांचं म्हणणं. मला हसू आलं, कारण शंभर वर्षांपूर्वीच्या निरीक्षकांचंही रडगाणं हेच होतं. बोलले तर पढवलेले, गप्प बसले तरी पढवलेलेच. फरक एकच. वहीमध्ये कायद्याला चकवायची युक्ती होती, कार्डावर आहे तो खुद्द राज्यघटनेनं दिलेला हक्क. त्याचा एखाद्या अधिकाऱ्याला त्रास होत असेल तर होवो.

आपल्या माणसांचं काय? ५ फेब्रुवारी २०२५ ला लष्करी विमानानं अमृतसरला उतरवलेल्या १०४ जणांत तिघं महाराष्ट्रातले होते. पण मराठी घरांना हा विषय भिडतो तो बहुधा दुसऱ्या टोकानं. एच-वन-बी व्हिसावरच्या कितीजणांना ठाऊक असतं, की अठरा वर्षांवरच्या परदेशी माणसानं आपला नोंदणीचा कागद सतत जवळ बाळगायचा, असं कायदा म्हणतो? गप्प राहायचा हक्क आणि कागद बाळगायची सक्ती, दोन्ही एकाच खिशात. आणि लाल कार्ड चालतं ते घराच्या दारात. व्हिसाच्या खिडकीवर किंवा विमानतळाच्या काउंटरवर त्याचा उपयोग शून्य. व्हिजिटर व्हिसा मागणारा प्रत्येक जण तिथं कायमचा राहायलाच निघालाय, असं कायद्याचं कलम २१४(ब) गृहीत धरतं, आणि तसं नाही हे पटवायचं काम अर्जदाराचं. जू टॉयचं ओझं ते हेच.

म्हणून वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत जायच्या आदल्या रात्री मुलगा न्यू जर्सीहून व्हिडिओ कॉलवर आईची उजळणी घेतो. किती दिवस राहणार? पेन्शन किती? घर कुणाच्या नावावर? ‘बाळाला सांभाळायला चाललेय असं म्हणू नकोस हं, फिरायला चाललेय म्हण.’ आई म्हणते, ‘अरे, पण मी बाळासाठीच तर येतेय.’ ‘आई, प्लीज.’ मग बाबा मध्ये पडतात, विचारलं तेवढंच सांग म्हणतात, आणि उजळणी पुन्हा पहिल्या प्रश्नापासून सुरू होते.