हौशी पायरी गाळलेले बॉक्सर

१९ मार्च २०२१ रोजी पणजीत मांडवीवर नांगरलेल्या 'मॅजेस्टिक प्राइड' या कॅसिनो जहाजाच्या गच्चीवर बॉक्सिंगची रिंग बांधली होती. एका कोपऱ्यात विजेंदर सिंग. बीजिंग ऑलिंपिकचा कांस्यपदकविजेता, आणि व्यावसायिक झाल्यापासूनच्या बाराही लढती जिंकलेला. दुसऱ्या कोपऱ्यात रशियाचा आर्तिश लोप्सान. त्याच्या खात्यावर व्यावसायिक लढती जेमतेम सहा, त्यांतली एक हरलेली आणि एक बरोबरीत सुटलेली. पाचव्या फेरीत पंचांनी लढत थांबवली आणि हात वर गेला तो लोप्सानचा.

अशी लढत पाहिली की बॉक्सिंगच्या नादाला लागलेल्या पोराच्या डोक्यात एक हिशेब सुरू होतो. ऑलिंपिकवाला हरू शकतो, तर मग जिल्हा, विभाग, राज्य, राष्ट्रीय अशा पायऱ्या चढत वर्षे कशाला घालवायची? थेट पैशाच्या लढतीत का उतरू नये? देवगड-जामसंड्यापासून सावंतवाडीपर्यंत अंगात रग असलेली मुले कमी नाहीत, आणि मोबाइलवर जगभरच्या लढती आता सगळ्यांच्याच हातात आहेत. म्हणून या हिशेबाचे उत्तर नीट द्यायला हवे. त्या रात्री विजेंदर पस्तिशीचा होता आणि सोळा महिने रिंगबाहेर होता. लोप्सान सव्विसाचा, अंगाने उंच, हाताने लांब. ती लढत हौशी अनुभवाच्या विरोधातला पुरावा ठरत नाही.

आधी दोन्हींतला फरक पाहू. हौशी लढत तीन मिनिटांच्या तीन फेऱ्यांची. व्यावसायिक लढत चार फेऱ्यांपासून सुरू होते आणि अजिंक्यपदाला बारा फेऱ्यांपर्यंत जाते. वेल्टरवेटपर्यंतच्या व्यावसायिकाच्या हातात आठ औंसांचे पातळ ग्लोव्ह असतात. पण खरा फरक पराभवाच्या किमतीत आहे. हौशी स्पर्धेत पोरगा हरतो, घरी येतो, पुढच्या महिन्यात पुन्हा उतरतो. त्या हारीची फार कोणी नोंद ठेवत नाही. कधी डावखुरा समोर येतो, कधी ताडमाड उंच, कधी डोके खाली घालून अंगावर येणारा. स्पर्धा आठवडाभर चालली तर लागोपाठच्या दिवसांत असे तीन-चार नमुने भेटतात. व्यावसायिक खेळात मात्र प्रत्येक हार रेकॉर्डला कायमची चिकटते आणि पुढच्या लढतीचा मोबदला त्या रेकॉर्डवरून ठरतो. म्हणजे हौशी काळ ही चुका स्वस्तात करून घेण्याची जागा. ती गाळणाऱ्याला त्याच चुका महाग भावाने कराव्या लागतात.

तरी ती गाळून शिखरावर गेलेली माणसे आहेतच. त्यांच्याकडे नीट पाहिले तर कळते की शिक्षण त्यांनी चुकवले नव्हते, दुसरीकडे घेतले होते. थायलंडचा सेनसाक मुआंगसुरीन १५ जुलै १९७५ रोजी बँकॉकमध्ये स्पेनच्या पेरिको फर्नांडिसला हरवून जगज्जेता झाला. ती त्याची बॉक्सिंगमधली तिसरी व्यावसायिक लढत होती. हे वाचून पोरे हुरळतात, पण सेनसाक त्याआधी मुए थाईचा विजेता होता. लाथा, गुडघे, कोपर यांचा मारा सोसत तो घडला होता. त्यातले फक्त ठोसे घेऊन तो बॉक्सिंगमध्ये आला. पुढे २०१४ मध्ये युक्रेनच्या वासिल लोमाचेंकोने तिसऱ्याच लढतीत जगज्जेता होऊन या विक्रमाची बरोबरी केली. त्याच्यापाशी दोन ऑलिंपिक सुवर्णपदके आणि जवळपास चारशे हौशी लढती होत्या, त्यांत हार फक्त एक. विक्रम एकच, वाटा पूर्ण वेगळ्या, आणि कच्चा माणूस दोन्ही वाटांवर दिसत नाही. शिवाय चारशे लढतींचा हा राजा दुसऱ्याच व्यावसायिक लढतीत ऑर्लांडो सालिदो या मुरब्बी मेक्सिकनाकडून हरला होता.

याहून टोकाचे उदाहरण पीट रॅडमाकरचे. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये हेवीवेटचे सुवर्ण जिंकल्यावर या अमेरिकनाने पहिलीच व्यावसायिक लढत थेट जगज्जेत्या फ्लॉइड पॅटर्सनशी ठरवली. २२ ऑगस्ट १९५७ ला सिएटलमध्ये दुसऱ्या फेरीत त्याने पॅटर्सनला खाली पाडलेही. पुढे पॅटर्सनने त्याला पुन्हा पुन्हा लोळवले आणि सहाव्या फेरीत लढत संपली. हौशी सुवर्णपदकसुद्धा व्यावसायिक शिकाऊपणाला पर्याय ठरत नाही, मग चार-पाच हौशी लढतींचे काय?

हौशी पायरी गाळलेल्यांतले सर्वांत मोठे नाव रॉकी मार्सियानोचे. मॅसॅच्युसेट्समधल्या ब्रॉक्टन या चपलाबुटांच्या कारखान्यांच्या गावचा हा मुलगा. त्याचे वडील बुटांच्याच कारखान्यात राबत. रॉकीला व्हायचे होते बेसबॉलपटू. सैन्यात असताना ठोसे मारायला लागला, मोजक्या हौशी लढती खेळला, त्यांतल्याही काही हरला. मार्च १९४७ मध्ये त्याने 'रॉकी मॅक' या खोट्या नावाने एक पैशाची लढत मारली. नाव बदलले ते हौशी दर्जा जाऊ नये म्हणून. बेसबॉलच्या निवड चाचणीतून परत पाठवल्यावर, १९४८ च्या जुलैपासून तो पूर्णवेळ बॉक्सर झाला. तेव्हा वय चोविशीच्या पुढे, हात आखूड, पाय बेताल. प्रशिक्षक चार्ली गोल्डमनने त्याला पाहिले तेव्हा उजव्या हातातल्या ताकदीखेरीज त्याच्याकडे दाखवण्यासारखे काही नव्हते. पाय फार फाकतात म्हणून गोल्डमनने त्याच्या दोन्ही बुटांच्या नाड्या एकमेकींना बांधून सराव करून घेतला, असे सांगतात. उंच करता येत नाही तर आणखी बुटके करू, हा त्याचा विचार: गुडघ्यात वाक, खाली बसून आत शिर आणि तिथून ठोसा वर आण. पहिल्या सोळाही लढती मार्सियानोने नॉकआउटने जिंकल्या.

पण माझ्या मते त्याच्या गोष्टीतला कळीचा भाग नॉकआउटचा नाही. १९५२ च्या सप्टेंबरात फिलाडेल्फियाला जर्सी जो वॉलकॉटशी अजिंक्यपदासाठी उभा राहिला तेव्हा त्याच्या पाठीशी बेचाळीस व्यावसायिक लढती होत्या. चार वर्षांत बेचाळीस! त्यांतल्या कितीतरी प्रॉव्हिडन्सच्या हॉलमध्ये, घराजवळ, हळूहळू चढत्या ताकदीच्या प्रतिस्पर्ध्यांशी. वॉलकॉटने त्याला पहिल्याच फेरीत खाली पाडले. बारा फेऱ्यांअखेर तो गुणांत मागे होता, आणि तेराव्या फेरीत एका उजव्या ठोशाने जगज्जेता झाला. ४९ लढती, ४९ विजय घेऊन तो निवृत्त झाला. हौशी शाळा त्याने गाळली, पण प्रॉव्हिडन्सच्या शाळेत तो एकही दिवस गैरहजर नव्हता.

ही शाळा कशी उभारावी हे जपानकडून शिकावे. तिथे हौशी अनुभव नसलेल्याला व्यावसायिक व्हायचे तर आधी परीक्षा द्यावी लागते. एक लेखी पेपर आणि पंचांसमोर सराव-लढत. पास झाला की 'सी' वर्गाचा परवाना, म्हणजे फक्त चार फेऱ्यांच्या लढती. चार विजय मिळाले की 'बी' वर्ग, सहा फेऱ्या. त्यापुढे 'ए'. हौशी कामगिरी भक्कम असलेल्याला वरच्या वर्गात थेट प्रवेश मिळतो. बाकीच्यांनी तळापासून चढायचे. नवख्यांची म्हणून वेगळी अजिंक्यपद स्पर्धाही असते. नवखा नवख्याशीच भिडतो, हा त्यातला मोठा गुण.

मासाहिको हाराडा १९६० मध्ये सोळाव्या वर्षी व्यावसायिक झाला तो याच वाटेने. त्याच वर्षीच्या नवोदित स्पर्धेच्या अंतिम फेरीत त्याने हिरोयुकी एबिहाराला हरवले. हा एबिहाराही पुढे जगज्जेता झाला. १० ऑक्टोबर १९६२ ला, एकोणिसाव्या वर्षी, हाराडाने थायलंडच्या पोने किंगपेचला अकराव्या फेरीत नॉकआउट केले आणि फ्लायवेटचे जगज्जेतेपद मिळवले. पुढे ब्राझीलचा एडर जोफ्रे हा बँटमवेटचा सम्राट त्याने दोनदा हरवला. जोफ्रेच्या अख्ख्या कारकिर्दीत हारी दोनच, आणि त्या दोन्ही हाराडाकडून. पायरी न गाळता वेगळी पायरी बांधून देणे म्हणजे काय, ते इथे दिसते.

थायलंडच्याच श्रीसाकेत सोर रुंगविसाईला अशी पायरी मिळाली नाही. पहिल्या पाच लढतींत त्याचा विजय एक, बरोबरी एक, पराभव तीन. बँकॉकमध्ये त्याने कचरा उचलला, सुरक्षारक्षकाची नोकरी केली. २०१७ मध्ये त्याने तोवर अजिंक्य असलेल्या रोमान गोन्झालेसला न्यूयॉर्कमध्ये गुणांवर, आणि सहा महिन्यांनी कॅलिफोर्नियात चौथ्या फेरीत नॉकआउटने हरवले. मला ही गोष्ट फार आवडते, पण तिच्यावर कोणी आपले आयुष्य बेतू नये. तीन हारींनंतर तग धरणारा श्रीसाकेत एक. बाकीच्यांची नावे आपल्यापर्यंत पोचत नाहीत.

कॅमेरूनच्या वाळूच्या खाणीत लहानपण गेलेला फ्रान्सिस एनगानू ऑक्टोबर २०२३ मध्ये पहिल्याच बॉक्सिंग लढतीत जगज्जेत्या टायसन फ्युरीला खाली पाडतो आणि निसटता हरतो, हेही खरे. त्याच्यामागे मिश्र मार्शल आर्ट्समधले (एमएमए) जगज्जेतेपद होते. चार महिन्यांनी अँथनी जोशुआने त्याला दुसऱ्या फेरीत झोपवले, हेही तितकेच खरे.

आता दुसऱ्या कोपऱ्याकडे वळू, जिथे प्रकाश पडत नाही. कोणाचे तरी रेकॉर्ड १२-० असते तेव्हा बारा माणसे हरलेली असतात, आणि ती कुठून तरी आणावी लागतात. बर्मिंगहॅमच्या पीटर बकलीने ३०० व्यावसायिक लढती खेळून २५६ गमावल्या. पुढे जगज्जेता झालेल्या नसीम हमीदशीही तो दोनदा भिडला. पण बकली कसबी होता: मार चुकवणे, मिठी मारून वेळ काढणे, पायावर उभे राहून चार फेऱ्या संपवणे ही त्याची विद्या. शिवाय ब्रिटनमध्ये नियामक मंडळ आहे, दरवर्षी मेंदूचे स्कॅन सक्तीचे आहे. जिथे ही विद्याही नाही आणि मंडळही नाही, तिथे पाच-सहा हौशी लढतींचा पोरगा दुसऱ्याच्या रेकॉर्डचे खाद्य होतो. चौथ्या फेरीत दम संपतो, डावा हात गालापासून खाली येतो, तो सरळ रेषेत मागे सरकतो आणि हनुवटी वर उचलली जाते. पुढचा ठोसा त्याला दिसतसुद्धा नाही.

आपल्या देशात नेमकी हीच मधली व्यवस्था नाही. २०१२ च्या अखेरीस भारतीय महासंघावर आंतरराष्ट्रीय बंदी आली आणि २०१६ मध्ये नवा महासंघ उभा राहीपर्यंत हौशी बॉक्सिंगची घडी विस्कटलेलीच होती. त्याच काळात, २०१५ मध्ये, विजेंदर मँचेस्टरला जाऊन व्यावसायिक झाला. ऑगस्ट २०१७ मध्ये तो मुंबईत, वरळीच्या ज्या स्टेडियममध्ये आपल्या आजोबांच्या पिढीने दारासिंगच्या कुस्त्या पाहिल्या, तिथेच चीनच्या झुल्पिकार मैमैतियालीशी लढला आणि जिंकला. हरियाणाचा नीरज गोयत नोव्हेंबर २०२४ मध्ये माइक टायसन आणि जेक पॉल यांच्या लढतीआधी टेक्सासला त्याच रिंगमध्ये जिंकून आला. हे दिवे मोठे आहेत, पण दर महिन्याला चार फेऱ्यांच्या लढती भरवणारे छोटे हॉल कुठे आहेत? व्यावसायिक बॉक्सिंगवर कायद्याने लगाम ठेवणारी एकच संस्थाही आपल्याकडे नाही. अमेरिकेने त्यासाठी १९९६ आणि २००० मध्ये दोन केंद्रीय कायदे केले.

कबड्डीशी ताडून पाहा. प्रो कबड्डी २०१४ मध्ये आली, पण तिथे पोचणाऱ्या मुलाने त्याआधी गावोगावच्या मंडळांच्या स्पर्धांत शेकडो चढाया केलेल्या असतात. खलाशी म्हणून हंगामामागून हंगाम काढल्याशिवाय देवगड बंदरात कोणी कोणाच्या हाती तांडेलपण देत नाही. बॉक्सिंगमध्ये मात्र तांडेलपणाचा करार आधी पुढे येतो.

महाराष्ट्रात हौशी परंपरा आहे. १९८८ च्या सेऊल ऑलिंपिकमध्ये उतरलेले मनोज पिंगळे आपले. नागपूरची अल्फिया पठाण २०२१ मध्ये आणि पुण्याची देविका घोरपडे २०२२ मध्ये युवा जगज्जेत्या झाल्या. पुण्यात सैन्याची क्रीडासंस्था आहे. शालेय स्पर्धांत बॉक्सिंग आहे. वाट आहे, लांबची आहे इतकेच.

म्हणून सिंधुदुर्गातल्या पालकांना आणि मुलांना माझी हात जोडून विनंती आहे. कोणी व्यावसायिक लढतीचा कागद पुढे केला तर सही करण्याआधी विचारा: परवाना कोण देतो आहे? मेंदूचे स्कॅन आणि डोळ्यांची तपासणी कोण करणार, खर्च कोणाचा? रिंगशेजारी डॉक्टर आणि दाराशी रुग्णवाहिका असेल का? समोरच्याच्या आजवरच्या लढती किती? या चारांपैकी एकाचेही उत्तर टाळले गेले, तर कागद परत करा आणि आधी तीस-चाळीस हौशी लढती खेळा. आणि मंडळांनी एक करावे: कबड्डी-क्रिकेटच्या बक्षिसांतून दरवर्षी थोडी रक्कम बाजूला काढून तालुक्याला एक रिंग आणि एक पात्र प्रशिक्षक मिळवून द्यावा.