चौथा मित्र झाडावर चढला, मग पुढे? : डायनॉसॉरच्या चित्रपटांविषयी थोडं

आजचा विषय जाहीर झाला तेव्हा आमच्या एका जुन्या सहकाऱ्यांचा फोन आला. म्हणाले, ‘काय हो, कांट आणि शंकराचार्य संपले का? आता डायनॉसॉर?’ संपलेले नाहीत. पण जिवावरच्या प्रसंगातून सुटण्याच्या या चित्रपटांत एक प्रश्न आहे, आणि तो आम्हाला तीस-पस्तीस वर्षं वर्गात नीट मांडता आला नाही. आज मांडून पाहू.

आधी हा प्रकार काय आहे ते बघू. काही माणसं अशा जागी अडकतात, की तिथे त्यांचं पद, पैसा, पदवी काहीच कामाला येत नाही. समोर प्रचंड जनावर. तिथून जिवंत बाहेर पडायचं, एवढंच कथानक. हा साचा जुना आहे. आर्थर कॉनन डॉयल यांची ‘द लॉस्ट वर्ल्ड’ ही कादंबरी १९१२ची. तिच्यावर १९२५ साली मूकपट निघाला. त्यातले डायनॉसॉर विलिस ओब्रायन या कलावंताने हलवले. लहान पुतळा केसभर सरकवायचा, एक चित्र घ्यायचं, पुन्हा सरकवायचा. याच ओब्रायनने पुढे १९३३च्या ‘किंग काँग’चं काम केलं.

या जुन्या चित्रपटांत एक गोष्ट समान आहे. डायनॉसॉर जगाच्या कुठल्यातरी कोपऱ्यात उरलेले असतात आणि माणूस तिथे जाऊन पोचतो. म्हणजे संकट आधीच असतं, आपण त्याच्या वाटेत येतो. १९९३ साली स्टीव्हन स्पीलबर्ग यांचा ‘जुरासिक पार्क’ आला आणि हे बदललं. मायकेल क्रायटन यांच्या १९९०च्या कादंबरीवरचा हा चित्रपट. इथे संकट माणूस स्वतः तयार करतो, त्याला कुंपण घालतो आणि तिकीट लावतो. एकदा संकट तयार केलेलं असलं, की ‘कोण जबाबदार?’ हा प्रश्न आलाच. साहसकथा नीतिशास्त्राच्या अंगणात येते ती इथे.

आता विज्ञानाचं काय? राळेत अडकलेला डास, त्याच्या पोटातलं रक्त, त्यातला डीएनए. कल्पना सुंदर आहे, पण डीएनए इतका टिकत नाही. न्यूझीलंडच्या मोआ या नामशेष पक्ष्याच्या हाडांवरचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. त्या हाडांच्या परिस्थितीत डीएनएचे निम्मे दुवे तुटायला सुमारे ५२१ वर्षं लागतात, असं त्यात दिसलं. उरलेल्यातले निम्मे पुढच्या ५२१ वर्षांत. थंडीत तो जास्त टिकतो. ग्रीनलंडच्या गोठलेल्या मातीतून सुमारे २० लाख वर्षांपूर्वीचा डीएनए वाचता आला, हे २०२२ साली जाहीर झालं. डायनॉसॉर गेले ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी. हिशेब तुम्हीच करा. म्हणजे हे घडणार नाही. पण तत्त्वज्ञानाला त्याने फरक पडत नाही. घडलं तर आपण कसे वागू, एवढं विचारायला कल्पना पुरते.

आणि ही कल्पना आपल्याला नवी नाही, बरं का! पंचतंत्रातली गोष्ट लहानपणी सगळ्यांनी ऐकलेली आहे. चार मित्र. तिघे विद्वान, चौथा अडाणी पण शहाणा. रानात सिंहाची हाडं पडलेली दिसतात. पहिला सांगाडा जुळवतो, दुसरा मांस-कातडं चढवतो, तिसरा प्राण घालायला निघतो. चौथा म्हणतो, अरे, हा सिंह आहे. ते ऐकत नाहीत. मग तो म्हणतो, जरा थांबा, मी झाडावर चढतो. सिंह उठतो, तिघांना खातो. तो निघून गेल्यावर चौथा उतरतो आणि घरी जातो. ‘जुरासिक पार्क’ची निम्मी कथा इथेच आली की नाही?

ही गोष्ट आम्ही वर्गात खूप वेळा सांगितली. विद्या वेगळी, विवेक वेगळा, हे शिकवायला ती सोयीची पडते. एके वर्षी मागच्या बाकावरून एका विद्यार्थिनीने विचारलं, ‘सर, चौथ्याने एकदा सांगितलं आणि तो झाडावर चढला. त्याचं कर्तव्य तिथे संपलं का?’ आम्ही म्हटलं, सावध करणं हे त्याचं काम होतं, ते त्याने केलं. तास संपला. उत्तर आम्हाला तेव्हा पुरेसं वाटलं होतं.

पुढे काही वर्षांनी आम्ही एका बांधकाम समितीवर होतो. कुठली ते राहू दे. टेकडीचा उतार कापून इमारत उभी करायची होती. उतार पावसात धरणार नाही, असं आम्हाला वाटत होतं. आम्ही बैठकीत तसं बोललो, विरोधाचं टिपण लिहिलं, सही केली आणि घरी आलो. नंतरच्या बैठकांना गेलो नाही. दुसऱ्या पावसाळ्यात भिंत कोसळली. रात्रपाळीचा चौकीदार खाली सापडला. जगला, पण एक पाय गेला. चौकशीत आमचं टिपण निघालं आणि आमचं कौतुक झालं. त्या दिवशी आम्हाला त्या मुलीचा प्रश्न आठवला. आम्ही झाडावर होतो, मंडळी. टिपण हेच आमचं झाड.

आता चित्रपटाकडे पुन्हा पाहा. वादळी रात्र, वीज गेलेली, कुंपण तोडून टायरॅनोसॉरस बाहेर आलेला. गाडीत दोन मुलं आणि एक वकील. वकील मुलांना सोडून पळतो. मागच्या गाडीत डॉ. ग्रँट आणि माल्कम. ग्रँटला मुलं आवडत नाहीत, हे आपल्याला आधीच दाखवलेलं आहे. तरी तो उतरतो, पेटती मशाल दाखवून जनावराचं लक्ष वळवतो. माल्कमही उतरतो. हा माल्कम म्हणजे सकाळपासून ‘हे करू नका’ म्हणणारा, आपला चौथा मित्र. ‘मी सांगितलं होतं’ म्हणून तो गाडीत बसून राहू शकला असता. तो उतरला आणि जबर जखमी झाला. आमच्या मते चित्रपटाचं सगळं मोल त्या दोन मिनिटांत आहे.

पण इथे सावध राहायला हवं. चित्रपटात पळणारा वकील मरतो. क्रायटनच्या कादंबरीत तो वकील वाचतो, मुलांना सोडून पळणारा माणूस दुसराच आहे. म्हणजे कोण मरणार हे लेखक ठरवतो. निसर्ग असा न्याय करत नाही. ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी अशनी आदळला. त्याच सुमाराच्या काळात आपल्या दख्खनमध्ये लाव्हा वाहत होता. सह्याद्रीचा काळा दगड तोच. त्या उत्पातातून कोण तरलं? ‘बळी तो कान पिळी’ खरं असतं, तर टायरॅनोसॉरस तरला असता. तरले ते बरेचसे लहान, थोडक्यात भागवणारे, बिळात दडू शकणारे. आणि डायनॉसॉरांचीच एक शाखा, पक्षी. ते भले होते म्हणून नव्हे. त्यांच्या अंगचे गुण त्या वेळी उपयोगी पडले, एवढंच.

मग नीतीचं काय उरलं? जगणं-वाचणं आपल्या हातात पूर्णपणे कधीच नसतं. वाचताना आपण कुणाचा हात धरला, तेवढं मात्र असतं. २०२३ साली ‘६५’ नावाचा चित्रपट आला. चित्रपट म्हणून तो आम्हाला बेताचाच वाटला. पण त्यात डायनॉसॉरांच्या काळात एक वैमानिक आणि एक लहान मुलगी अडकतात आणि दोघांना एकमेकांची भाषा येत नाही. खुणांनी, हातवाऱ्यांनी ते चालत राहतात. तिथे सावधगिरीचं टिपण लिहायची सोयच नाही. सोबत चालावं लागतं.

त्या मुलीला आज उत्तर द्यायचं झालं तर आम्ही म्हणू : नाही, संपलं नाही. सांगून ऐकलं नाही तर पुन्हा सांगायचं. तिसऱ्याचा हात धरायचा. तेही जमलं नाही तर झाडावर चढावं, जीव प्रत्येकाला असतो. पण चढताना एकाला तरी वर ओढता येतं का, ते पाहावं. आणि सिंह गेल्यावर उतरून सरळ घरी जाऊ नये. खाली कुणी जखमी आहे का, ते आधी बघावं.

त्या चौकीदाराच्या घरी आम्ही गेलो, पण फार उशिरा. त्याने चहा दिला. टिपणाबद्दल त्याला काही माहीत नव्हतं आणि आम्हीही सांगितलं नाही.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा. मागच्या बाकावरून आधी.